बी सरकारचे, बाजार कुणाचा?

मलकापूर परिसरातील शेंग, तूर आणि तेलबिया-कडधान्यांच्या नव्या योजना

२०२२ सालच्या रमजानचे शेवटचे दिवस अनेक घरांतल्या गृहिणींना आठवत असतील. फेब्रुवारीत रशिया-युक्रेन युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेल कडाडले. त्यातून सावरत नाही तोच २२ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवण्याची घोषणा केली. २८ एप्रिलपासून बंदी लागू झाली, तेव्हा ईद अवघ्या पाच दिवसांवर होती. इफ्तारीची भजी आणि ईदची बिर्याणी यांचा हिशेब हजारो मैलांवरच्या एका निर्णयाने बिघडवला. बंदी २३ मे रोजी उठली, पण आपली कढई दुसऱ्याच्या शेतावर किती अवलंबून आहे, हे तेवढ्या दिवसांत दिसून गेले.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी सुमारे ५७ टक्के तेल आपण बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, सोयाबीन तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, तर सूर्यफूल तेल रशिया आणि युक्रेनमधून. डाळींचेही तसेच. मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियाची, उडीद म्यानमारचा, तूर मोझांबिक, टांझानिया आणि म्यानमारची. २०२४-२५ या एका वर्षात देशात ७० लाख टनांहून अधिक कडधान्य आयात झाले. मोहर्रमच्या खिचड्यासाठी एका देगीत चार-पाच डाळी एकत्र येतात. त्यातल्या किती डाळी बोटीतून आल्या आणि किती बैलगाडीतून, हे आता दुकानदारही सांगू शकणार नाही.

हे परावलंबन कमी करण्यासाठी केंद्र सरकारने दोन वर्षांत दोन मोठ्या योजना आणल्या: एक तेलबियांसाठी, दुसरी कडधान्यांसाठी. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची थोडीफार शेती आहे. कुणाची स्वतः कसलेली, कुणाची वाट्याने दिलेली, तर कुणाची सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाने पडून राहिलेली. या योजनांचा अशा कुटुंबांना काय उपयोग, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरच्या उदाहरणावरून पाहू.

कोणते मलकापूर?

मलकापूर म्हटले की अनेकांना बुलढाणा जिल्ह्यातले, रेल्वेमार्गावरचे मलकापूर आठवते. तो कापूस, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख आहे. आपण बोलतो आहोत ते कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरचे, आंबा घाटाच्या अलीकडचे मलकापूर. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींनी १८४४ नंतर आपले ठाणे गडावरून इथे आणले आणि डोंगरातल्या वाड्यावस्त्यांसाठी ही बाजाराची जागा बनली.

इथली शेती तीन तुकड्यांत समजून घ्यावी लागते. नदी-ओढ्यांच्या काठावर, जिथे पाणी पोहोचते तिथे ऊस. सखल खाचरांत भात. डोंगरउतारावर नाचणी, वरी आणि एके काळी कारळे. तालुक्याच्या पश्चिमेला आंब्याकडे पावसाचा प्रचंड मारा, तर पूर्वेला बांबवडे-सरूडकडे तो कमी होत जातो. त्यामुळे खरिपाची शेंग, म्हणजे भुईमूग आणि सोयाबीन पूर्वेच्या निचऱ्याच्या जमिनीत बरे येते. पश्चिमेला त्याच दिवसांत मुळे कुजतात. दिल्ली-मुंबईत आखलेली कोणतीही योजना इथे उतरते, तेव्हा पहिला प्रश्न असा की ती यातल्या कोणत्या तुकड्यासाठी आहे?

याआधी दोनदा काय घडले

तेलबियांसाठी मोहीम काढण्याची ही पहिली वेळ नाही. १९८६ मध्ये केंद्राने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि १९९० मध्ये त्यात कडधान्येही घेतली. सुधारित बियाणे, प्रक्रिया आणि किमतीला आधार या तिन्ही गोष्टी तेव्हा एकत्र चालल्या. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने बाजारात उतरून तेलबिया आणि तेलाची खरेदी केली. 'धारा' हे तेल त्याच काळात घरोघरी पोहोचले. देशातले तेलबियांचे उत्पादन दहा-बारा वर्षांत दुपटीच्या पुढे गेले. नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. लोक त्याला पिवळी क्रांती म्हणू लागले.

मग १९९४ पासून पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीला ६५ टक्के असलेले आयात शुल्क १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आले. स्वस्त तेल आले, ग्राहकाला दिलासा मिळाला, पण शेंग पिकवणाऱ्याचा भाव पडला. शेतकरी मूर्ख नसतो. ज्या पिकात पैसा उरत नाही ते तो सोडून देतो.

दुसरा धडा तुरीचा आणि तो अलीकडचा आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. सरकारने शेतकऱ्यांना तूर वाढवण्याचे आवाहन केले, हमीभाव वाढवला, वर बोनस दिला आणि तो ५,०५० रुपये क्विंटल झाला. २०१६ चा पाऊस चांगला झाला आणि महाराष्ट्राने विक्रमी तूर पिकवली. बाजारभाव हमीभावाच्या खाली घसरला. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला आणि २२ एप्रिल २०१७ ला खरेदी थांबवली गेली तेव्हा हजारो शेतकऱ्यांची तूर आवारातच पडून होती. सरकारच्या शब्दावर ज्यांनी पेरले, त्यांनाच सर्वांत मोठा फटका बसला.

दोन्ही वेळा बियाणे होते, पीकही आले. कमी पडली ती खरेदी. नवी योजना पारखायची ती याच कसोटीवर.

नव्या योजनांत काय आहे

पहिली योजना 'राष्ट्रीय खाद्यतेल अभियान - तेलबिया'. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मंजूर केली. २०२४-२५ ते २०३०-३१ या सात वर्षांसाठी १०,१०३ कोटी रुपयांची तरतूद आहे. तेलबियांचे उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर न्यायचे आणि पामलागवडीच्या अभियानासह देशाची ७२ टक्के गरज देशातच भागवायची, असे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ३४७ जिल्ह्यांत सहाशेहून अधिक 'मूल्यसाखळी समूह' करायचे आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्था हे समूह चालवतील. सभासद शेतकऱ्यांना दर्जेदार बियाणे, प्रशिक्षण, हवामान आणि किडीचा सल्ला मिळेल. तेल काढण्याच्या सोयीसाठी संस्थांना साहाय्य आहे. भर दिलेली मुख्य पिके पाच: मोहरी, भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल आणि तीळ.

दुसरी योजना कडधान्यांच्या आत्मनिर्भरतेची. ती १ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजूर झाली. तिच्यासाठी २०३०-३१ पर्यंत ११,४४० कोटी रुपये आहेत. कडधान्यांचे उत्पादन ३५० लाख टनांवर न्यायचे उद्दिष्ट आहे. ८८ लाख बियाणे-संच मोफत वाटायचे आहेत. १,००० प्रक्रिया केंद्रे उभारायची असून प्रत्येकाला २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की तूर, उडीद आणि मसूर या तीन पिकांची, नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांकडून, हमीभावाने शंभर टक्के खरेदी करण्याचे वचन चार वर्षांसाठी दिले आहे. ही खरेदी नाफेड आणि एनसीसीएफ या संस्था करतील.

२०२५-२६ च्या खरिपाचे हमीभाव क्विंटलला असे आहेत: तूर ८,००० रुपये, उडीद ७,८००, मूग ८,७६८, भुईमूग ७,२६३, सोयाबीन ५,३२८, तीळ ९,८४६ आणि कारळे ९,५३७ रुपये.

इथे एक बारीक फरक ध्यानात ठेवायला हवा. शंभर टक्के खरेदीचे वचन तूर, उडीद आणि मसूर यांनाच आहे. शेंग आणि सोयाबीनला ते नाही. त्यांची हमीभावाने खरेदी साधारणपणे उत्पादनाच्या २५ टक्क्यांपर्यंतच होऊ शकते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात दर चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता. ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून माल परत पाठवला जात होता. नोव्हेंबरच्या मध्यावर ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली गेली. त्या हंगामात राज्यात ११ लाख टनांहून अधिक सोयाबीनची विक्रमी खरेदी झाली, तरी राज्याच्या उत्पादनाचा तो लहानसाच हिस्सा होता. ज्याला घरात गरज होती आणि साठवायला जागा नव्हती, त्याने आधीच मिळेल त्या भावाला विकून टाकले होते.

आयातीचे धोरणही स्थिर नसते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले गेले. मे २०२५ च्या अखेरीस ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले. पिवळा वाटाणा बेसन-फरसाणात हरभऱ्याच्या जागी वापरला जातो. तो डिसेंबर २०२३ पासून जवळजवळ दोन वर्षे शुल्काविना येत राहिला आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागले. ग्राहक म्हणून आपल्याला स्वस्त तेल-डाळ हवी असते आणि शेतकरी म्हणून आपल्याला भाव हवा असतो. एकाच घरात हे दोन्ही हिशेब असतात. सरकार कधी एकाचे ऐकते, कधी दुसऱ्याचे. पेरणी करताना शेतकऱ्याला पुढच्या सहा महिन्यांचे धोरण दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

ऊस का जिंकतो

मलकापूरपासून पूर्वेला निघालो की दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो. हे शेतकऱ्याचे केवळ वेड नाही. उसाच्या पाठीशी कायदा उभा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यायचे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये रास्त आणि किफायतशीर दर ठरला आहे. कारखाने पैसे थकवतात, त्यासाठी आंदोलने होतात, पण दर ठरलेला असतो आणि गिऱ्हाईक माहीत असते.

एक ढोबळ हिशेब करू. समजा, पाण्याखालच्या एकरात ४० टन ऊस निघाला, तर या दराने १ लाख ४२ हजार रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक आणि बाकीचा खर्च जातो आणि पीक बारा ते अठरा महिने जमीन अडवते. कोरडवाहू एकरात समजा ६ क्विंटल शेंग निघाली, तर हमीभावाने ४३,५७८ रुपये होतात आणि चार महिन्यांत रान मोकळे होते. पण तो हमीभाव मिळेलच, याची खात्री कोण देतो? तुलना एकराच्या रकमेची असते त्याहून जास्त भरवशाची असते. म्हणून उसाचे रान शेंगेखाली येईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. जिथे ऊस नाही, किंवा उसाच्या दोन सऱ्यांमध्ये जागा रिकामी आहे, तिथे काय करता येईल, हे पाहणे शहाणपणाचे.

या मातीत काय जमेल

भाताच्या बांधावर तूर. ही आपल्या वाडवडिलांची पद्धत. खाचरात पाणी तुंबते, बांध उंच आणि निचऱ्याचा असतो. जूनमध्ये बांधावर हातभर अंतराने दोन-दोन बिया टोकल्या तर वेगळी जमीन लागत नाही. पानगळ जमिनीला खत देते, मुळांवरच्या गाठी नत्र साठवतात, काड्या चुलीला होतात. शेंगा पोखरणाऱ्या अळीवर मात्र फुलोऱ्यापासून लक्ष हवे. कडधान्य योजनेतले मोफत बियाणे-संच अशा लहान पेऱ्यासाठी फार उपयोगी पडतील.

भात कापल्यानंतरचे रान. दोन्ही योजनांचा डोळा भातानंतर पडीक राहणाऱ्या जमिनीवर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाचरात ओल असतानाच हरभरा, मसूर, पावटा, वाटाणा टाकला तर एखाद्या पाण्यावर किंवा नुसत्या ओलीवर पीक येते. यात अडसर बियाण्याचा नसून मोकाट जनावरांचा आहे. भात निघाले की गुरे सोडायची, हा गावाचा जुना रिवाज. एकट्याने हरभरा पेरला तर तो गावाच्या गुरांसाठीच पेरल्यासारखा होतो. गावाने किंवा निदान एका शिवाराने मिळून फेब्रुवारीपर्यंत चराई बंद ठेवायचे ठरवले, तरच हे जमते. त्याला सरकारी पैसा लागत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो.

उसात आंतरपीक. ऊस लहान असतो तेव्हा पहिले तीन महिने सऱ्यांमध्ये ऊन आणि जागा असते. हंगाम पाहून भुईमूग, सोयाबीन किंवा हरभरा घेता येतो. त्या पैशात उसाच्या खताचा खर्च निघतो.

शेंगेचे बियाणे. भुईमुगाला एकरी साधारण ४० किलो दाणे बियाणे म्हणून लागतात. सोयाबीन सोडले तर इतर कोणत्याही तेलबियेला इतके बी लागत नाही. बियाणे महाग पडते म्हणूनच अनेकांनी शेंग सोडली. आपल्या भागासाठी चांगली गोष्ट अशी की राहुरी कृषी विद्यापीठाचे कसबे डिग्रज इथले संशोधन केंद्र शेजारच्या सांगली जिल्ह्यातच आहे. सोयाबीनचे 'फुले संगम' आणि 'फुले किमया', तसेच भुईमुगाचा 'फुले वारणा' हे वाण तिथलेच. पेरणीआधी रायझोबियमची प्रक्रिया आणि आऱ्या सुटताना जिप्सम, या दोन स्वस्त गोष्टी विसरू नयेत. शेंग काढल्यावर ती नीट वाळवणेही तितकेच महत्त्वाचे. ओलसर शेंगेला बुरशी धरते आणि ती बुरशी विषारी असते.

कारळे. डोंगरउतारावर, हलक्या जमिनीत, खताशिवाय येणारे हे पीक. कारळ्याची चटणी अजून घरोघरी होते, पण कारळे आता बाहेरूनच आणावे लागते. हमीभाव शेंगेपेक्षा जास्त. तरीही नव्या अभियानाने नाव घेऊन भर दिलेल्या पाच पिकांत ते नाही. शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यांनी ही मागणी मांडायला हवी.

या सगळ्यावर सावट आहे ते गवे आणि रानडुकरांचे. चांदोलीच्या जंगलाला लागून असलेल्या वाड्यांत शेंगेचे रान एका रात्रीत डुकरे उकरून टाकतात. उत्पादनाचे उद्दिष्ट ठरवताना हा हिशेब कुणी धरत नाही. एक नवी गोष्ट मात्र नोंदवून ठेवावी. वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान खरीप २०२६ पासून पीकविम्यात घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. नुकसान ७२ तासांत अॅपवर छायाचित्रासह कळवायचे आहे. कोणते प्राणी आणि कोणता भाग, हे राज्याने ठरवायचे आहे. शाहूवाडी त्या यादीत आहे का, हे विमा भरण्याआधी विचारा. एक रुपयातला पीकविमा आता बंद झाला आहे. खरिपातल्या अन्नधान्य आणि तेलबियांसाठी विमा रकमेच्या २ टक्के हप्ता स्वतः भरावा लागतो.

सातबारा कुणाच्या नावावर?

आता आपल्या घरातली गोष्ट. योजना चांगली असली तरी ती सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळते. आणि आपल्या अनेक कुटुंबांत ते नाव वारलेल्या दादाजानचे किंवा नानांचे असते. भाऊ मुंबईत किंवा आखातात, बहिणी सासरी, जमीन कसणारा एकटा, आणि उताऱ्यावर दहा नावे किंवा एकच मयत नाव. अशा शेतकऱ्याला बियाणेही मिळत नाही, विमाही नाही आणि हमीभावाच्या खरेदीत नोंदणीही होत नाही.

महाराष्ट्रात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी अॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो मिळण्यासाठी सातबारा आणि आधारवरचे नाव जुळावे लागते. उताऱ्यावर एके ठिकाणी 'शेख', दुसरीकडे 'शेख उर्फ' आणि आधारवर आडनाव वेगळे, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ इथे अडतो. म्हणून पुढच्या गोष्टी पावसाळ्याच्या आधी उरकून घ्या.

एक, वारस नोंद. २०२५ मध्ये राज्य सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावणे, हा तिचा उद्देश. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि आधार घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे अर्ज करा. वारसांत आई आणि बहिणींचीही नावे येतात. घाईघाईने त्यांच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याआधी, त्यांचा वाटा त्यांच्या नावावर राहिला तर घराचा तोटा होतो की फायदा, याचा शांतपणे विचार करावा.

दोन, पत्नीचे नाव. पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय महाराष्ट्रात १९९२ पासून आहे. तिला लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात. नाव काहीही असो, ती सर्व धर्मांच्या शेतकऱ्यांना खुली आहे. केंद्राच्या कृषी योजनांत निदान ३० टक्के लाभ महिला शेतकऱ्यांना द्यावा, अशी सूचना असते. शेंगा फोडणे, तूर टोकणे, कडधान्य निवडणे ही कामे बायकाच करतात. उताऱ्यावर नाव नसेल तर सरकारी भाषेत त्या शेतकरी ठरत नाहीत.

तीन, ई-पीक पाहणी. हंगामात शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाची नोंद करायची असते. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापूस उत्पादकांना राज्याने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत दिले, तेव्हा याच नोंदीवरून यादी बनवायला सुरुवात झाली होती. हमीभावाच्या खरेदीतही उताऱ्यावरची पीकनोंद पाहिली जाते. बांधावरची तूर आणि उसातले आंतरपीकही मिश्र पीक म्हणून नोंदवा. नोंद नसलेले पीक सरकारला दिसत नाही.

चार, महाडीबीटीवरचा अर्ज. २०२५ पासून सोडत बंद झाली आणि आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य मिळू लागले. म्हणजे उशीर केला तर नुकसान आपलेच.

घरापुरते तेल

बाजाराचा भरवसा नसेल तर लहान शेतकऱ्याने सुरुवात घरच्या गरजेपासून करावी. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार माणशी वर्षाला १२ किलो तेल पुरे. प्रत्यक्षात आपण त्याहून बरेच जास्त खातो, ही वेगळी तक्रार. पाच जणांच्या घराला ६० किलो धरू. १०० किलो वाळलेल्या शेंगेतून सुमारे ७० किलो दाणे आणि घाण्यावर साधारण २८ किलो तेल निघते. म्हणजे घराचे वर्षाचे शेंगतेल सव्वादोन क्विंटल शेंगांत येते. एकरी ६ क्विंटलचा उतारा धरला तर त्यासाठी पंधरा गुंठे पुरतात. वर पेंड आणि वेल जनावरांना मिळतात आणि दूध वाढते ते वेगळेच.

आठ-दहा कुटुंबांनी किंवा एखाद्या बचत गटाने मिळून लाकडी घाणा किंवा डाळ भरडण्याचे यंत्र घेतले, तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ते कर्जाशी जोडलेले असते. तेव्हा आधी हप्ता परवडतो का, वर्षभर घाण्याला पुरेल इतका माल गावात आहे का, हे मोजूनच पाऊल टाका. अनुदानासाठी यंत्र घेऊन ते गंजत ठेवल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

विचारायचे प्रश्न

खरिपाच्या आधी गावातल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना, ज्यांना आपण अजून कृषी सहायक म्हणतो, हे प्रश्न विचारा. आपला तालुका तेलबिया समूहात आहे का? असेल तर कोणती संस्था तो चालवते आणि तिचा सभासद कसे व्हायचे? कडधान्याचे बियाणे-संच केव्हा आणि कोणत्या वाणाचे येणार? शेवटी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: मलकापूर किंवा बांबवड्याच्या जवळ हमीभावाचे खरेदी केंद्र कुठे आणि कोणत्या तारखेला उघडणार?

हा शेवटचा प्रश्न ग्रामसभेत, लेखी, ठरावाच्या रूपात विचारला जायला हवा. चार पोती तूर घेऊन पन्नास किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जाणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. तिथे रांगेत थांबणे तर मुळीच नाही. शंभर टक्के खरेदीचे वचन दिल्लीने दिले आहे. ते वचन शाहूवाडीच्या डोंगरापर्यंत पोहोचले की नाही, हे केंद्र उघडल्याच्या तारखेवरून कळेल.

१९८६ ने दाखवले की आपला शेतकरी देशाला तेल पुरवू शकतो. २०१७ ने दाखवले की पिकवूनही तो एकटा पडू शकतो. या वेळी काय होईल, ते काही प्रमाणात सरकारवर आहे आणि काही प्रमाणात आपल्या सातबाऱ्यावर, आपल्या ग्रामसभेवर आणि आपल्या बांधावर. सरकारच्या हातातली गोष्ट आपण मागू शकतो. आपल्या हातातली गोष्ट मात्र रोहिणी निघण्याआधी उरकून घेतलेली बरी.